जुन्या लेथला डीआरओ : पट्टी कोणती घ्यावी आणि कोणी बसवावी?

शिरूरच्या बाजारात माझे कापडाचे दुकान आहे. लोखंडाशी माझा संबंध कात्री, गज आणि दुकानाचे शटर एवढाच. तरीही या पानावर लेथ मशीनविषयी लिहिण्याचे धाडस करतो आहे, कारण गोष्ट घरची आहे आणि आपल्यातल्या बऱ्याच कारागिरांच्या घरी ती आज ना उद्या येणार आहे.

माझे दुल्हाभाई दौंडला गेली बत्तीस वर्षे लेथ चालवतात. तिथे सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही उस्तादच म्हणतो. कुरकुंभच्या केमिकल कारखान्यांतल्या पंपांचे स्लीव्ह आणि बुश, उसाच्या हंगामात गुऱ्हाळाच्या चरकाची दुरुस्ती, उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या मोटारींचे शाफ्ट, असे त्यांचे काम. मागच्या दिवाळीच्या सुमारास आपाचा फोन आला. स्टेनलेस स्टीलच्या स्लीव्हचा एक लॉट परत आला होता. चाळीस नगांपैकी सतरा नग मापाबाहेर. घेणाऱ्याची काही चूक नव्हती, नग खरोखरच मापात नव्हते. उस्तादांनी दोन दिवस दुकान उघडले नव्हते.

मी न्हावरे-चौफुला रस्त्याने दौंड गाठले. संध्याकाळी त्यांच्या दुकानात बसलो तेव्हा खरी गोष्ट कळली. हँडलच्या कॉलरवरच्या बारीक रेघा ते भिंग लावून वाचत होते. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे बाकी. "रेघ एकाच्या दोन दिसतात," एवढेच म्हणाले. हातात कसब होते, कानाला टूलचा आवाज बरोबर कळत होता, पण त्यांच्या मशीनवर कॉलरची एक रेघ म्हणजे स्लाईडचे ०.०२ मि.मी. आणि जॉबच्या व्यासावर त्याचे ०.०४ मि.मी. होतात. आता ६२०६ नंबरचे बेअरिंग घ्या, जे मोटारींत सर्रास सापडते. त्याचे भोक ३० मि.मी.चे. ते शाफ्टवर नीट घट्ट बसायचे तर नेहमीच्या फिटिंगला शाफ्ट ३०.००२ ते ३०.०१५ च्या दरम्यान लागतो. म्हणजे सगळी सूट १३ मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. एक रेघ चुकली की जॉब भंगारात.

भाचा रांजणगावच्या एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहे. त्याचे म्हणणे सरळ होते : "अब्बा, ही लेथ भंगारात द्या. कर्ज काढून सीएनसी टाकू." मुलगा हुशार आहे, पण हे मला पटले नाही आणि आजही पटत नाही. सीएनसी हे लाखांतले काम. तिला एकाच मापाचे शेकडो नग रोज लागतात, तेव्हा ती परवडते. उस्तादांकडे शेतकरी एक शाफ्ट घेऊन येतो, उभा राहतो आणि चहा होईपर्यंत घेऊन जातो. त्या एका नगासाठी प्रोग्राम लिहिणारा बसवायचा काय? आणि लाखांच्या व्याजाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला दारात उभा राहतो, काम असो वा नसो. गुऱ्हाळे बंद असतात तेव्हा दौंडच्या लेथवाल्यांची काय अवस्था असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

मग भाच्यानेच, थोड्या नाराजीने, दुसरा रस्ता सांगितला : डीआरओ. पूर्ण नाव डिजिटल रीडआउट. लेथच्या सरकणाऱ्या भागावर एक मापपट्टी बसवायची, तिच्यावरून एक रीडर हेड सरकते, आणि स्लाईड किती हलली ते ठळक, चमकत्या आकड्यांत डब्यावर दिसते. उस्तादांच्या डोळ्यांना रेघ दिसत नव्हती, आकडा दिसणार होता. हे काम हजारांत होते, लाखांत नव्हे.

मी कापडवाला. हे यंत्र चालते कसे हे समजल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत असे ठरवले. समजले तेव्हा नवल वाटले, कारण ते आमच्याच धंद्यातले निघाले. लग्नाच्या ओढणीची जाळी, म्हणजे नेटचे कापड, दुहेरी करून उजेडाला धरा. त्यावर पाण्याच्या लाटांसारखे पट्टे दिसतात. वरचा थर केसभर सरकवला की ते पट्टे बोटभर सरकतात. दुकानात गिऱ्हाईकासमोर हे हजार वेळा पाहिले असेल, कधी विचार केला नाही. या पट्ट्यांना मोअरे म्हणतात. शब्द फ्रेंच, लाटांची चमक असलेल्या रेशमी कापडाचा. तो इंग्रजी मोहेरवरून आला आणि मोहेर हा अरबी 'मुखय्यर'वरून, म्हणजे निवडून घेतलेले, बकरीच्या केसांचे उंची कापड. उर्दू शाळेत शिकलेल्यांच्या लगेच लक्षात येईल, 'इख्तियार' हा शब्दही त्याच कुळातला. १८७४ साली इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी बारीक रेघांची काच तपासायला हे पट्टे उपयोगी पडतील असे दाखवले, आणि १९५० च्या दशकात एडिंबरोच्या फेरांटी कंपनीने त्यावर मशीनची मापे घेण्याची पद्धत बसवली.

आजच्या साध्या काचेच्या पट्टीत प्रत्येक मि.मी.मध्ये पन्नास रेघा असतात, म्हणजे एक रेघ आणि तिच्या शेजारची मोकळी जागा मिळून २० मायक्रॉन. रीडर हेडमध्ये तशाच रेघांचा काचेचा छोटा तुकडा, एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारे डोळे. हेड सरकले की उजेड-अंधार, उजेड-अंधार होत जातो आणि डबा तो मोजतो. एका फेऱ्याचे चार भाग केले की ५ मायक्रॉन हाती लागतात.

इथेच माझी पहिली चूक झाली. पुण्याला एका विक्रेत्याकडे गेलो. त्याने आधी तीन पट्ट्यांचा, मोठ्या रंगीत पडद्याचा सेट पुढे केला. मी बाजारात वाढलेला माणूस, एवढा कच्चा नाही. तो नाकारला आणि दोन पट्ट्यांचा साधा घेतला, दोन्ही ५ मायक्रॉनच्या. स्वस्तात घेतल्याचा आनंद दौंडला पोहोचेपर्यंत टिकला. उस्तादांनी खोका उघडून विचारले, "क्रॉस स्लाईडलाही पाचच?" स्लाईड १ मि.मी. आत गेली की जॉबचा व्यास २ मि.मी.ने कमी होतो. त्यामुळे स्लाईडवरचे ५ मायक्रॉन व्यासावर १० होतात. ज्याला एकूण १३ मायक्रॉनची सूट आहे, त्याच्या आकड्यानेच दहादहाच्या उड्या मारल्या तर तो काय वाचणार? बेडच्या लांबीला ५ मायक्रॉन पुरतात, तिथे खांद्याची लांबी मोजायची असते. आडव्या स्लाईडला मात्र १ मायक्रॉनचीच पट्टी घ्यावी. विक्रेत्याने ती फरकाची रक्कम घेऊन बदलून दिली, पण माझी एक खेप फुकट गेली. फरक दोन्ही वेळच्या एसटी भाड्यापेक्षा फार जास्त नव्हता.

पैशांची अडचण असेल तर माझे मत असे आहे : डबा दोन पट्ट्यांचा घ्यावा आणि आधी फक्त क्रॉस स्लाईडची पट्टी बसवावी. बेडची लांब पट्टी पुढच्या हंगामात. व्यासाचे माप चुकल्याने जितके जॉब परत येतात, तितके लांबीमुळे येत नाहीत. तिसरी पट्टी टॉप स्लाईडसाठी असते. तिची गरज ज्याला आहे त्याला ती माहीत असते, विक्रेत्याने सांगावी लागत नाही. पडद्याच्या रंगावर पैसे घालू नयेत. व्यास-त्रिज्या बदलण्याचे बटण आणि इंच-मिलिमीटरचे बटण असले की निम्मे काम झाले. दुसऱ्या बटणाची किंमत मला चटकन कळली. १९५६ चा मापांचा कायदा आल्यानंतर माझ्या वालिदांच्या दुकानात कित्येक वर्षे गज आणि मीटर अशा दोन काठ्या शेजारी टांगलेल्या असत. जुनी गिऱ्हाईके गज मागत आणि नवीन मीटर. दौंड-शिरूरकडे आजही इंची स्क्रूच्या जुन्या विलायती लेथ चालतात आणि ड्रॉइंग येते मिलिमीटरमध्ये. त्यांना ते एक बटण म्हणजे दोन काठ्यांची सोय आहे.

काच की चुंबक, हा प्रश्न सगळे विचारतात. चुंबकी पट्टीत काच नसते, तेला-पाण्याचे तिला फारसे वावडे नाही, ती बारीक असते आणि हव्या त्या लांबीची कापून मिळते. छोट्या लेथच्या क्रॉस स्लाईडवर जागाच नसेल तर ती बरी. पण तिला लोखंडाचा कीस चिकटतो, आणि डायल गेजचा चुंबकी स्टँड कोणी विसरून तिच्यावर ठेवला तर पट्टी बिघडते. त्याच किमतीत काच बहुधा जास्त अचूक मिळते. उस्तादांच्या मशीनला जागा होती, म्हणून आम्ही काच घेतली.

आता बसवण्याविषयी. माझ्या मते खरा घोटाळा इथे होतो. विक्रेत्याने एक पोरगा बरोबर देऊ केला होता, "दोन तासांत लावून देतो" म्हणून. उस्तादांनी नको म्हटले. तोपर्यंत ते या वस्तूकडे पाहतही नव्हते. आपल्या डोळ्यांची कमी चारचौघांत टांगली जाते आहे असे त्यांना वाटत असावे. पण माझ्या मशीनला परका माणूस ड्रिल लावणार, हे त्यांना सहन झाले नाही. मी मनातून खूश झालो. दोन सुट्ट्यांचे दिवस घालवून बाप-लेकांनी ते काम केले. मी शेजारी स्टुलावर बसून चहा आणि सल्ले पुरवत होतो. सल्ले कोणी ऐकले नाहीत, ते बरेच झाले.

आधी उस्तादांनी पट्टीला हातही लावला नाही. क्रॉस स्लाईडची जिब पट्टी सोडून, साफ करून पुन्हा आवळली. स्क्रूमधली ढिलाई डायल गेज लावून पाहिली, ती चांगली अर्धा मि.मी. निघाली. डीआरओ स्लाईडचे हलणे थेट मोजतो, स्क्रूचे फिरणे नाही, म्हणून ही ढिलाई मापात येत नाही. पण स्लाईडच जर डुगडुगत असेल तर आकडाही डुगडुगेल. ज्याची जिब सैल आहे त्याने डीआरओ घेऊ नये, आधी दहा रुपयांचे ग्रीस घ्यावे.

पट्टी चकच्या बाजूला लावायची की टेलस्टॉकच्या, यावर अर्धा तास वाद झाला. चककडे गरम कीस आणि कूलंटचा मारा, टेलस्टॉककडे लावली तर टेलस्टॉक जवळ आणताना पट्टीच्या जाडीएवढी जागा अडते. उस्तादांनी टेलस्टॉकची बाजू घेतली. भाचा सॅडल जाम करायचा बोल्ट झाकून बसवत होता, तो त्यांनी थांबवला. जिबचे स्क्रू आणि जामचा बोल्ट झाकले गेले तर पुढे प्रत्येक वेळी पट्टी उतरवावी लागते. पट्टी सरकणाऱ्या स्लाईडवर आणि रीडर हेड सॅडलवर घट्ट, असे केले की केबल स्लाईडबरोबर ओढली जात नाही.

बीडाचा ओतीव भाग कधी सपाट नसतो, त्यावर रंग आणि पुट्टीचे थर असतात. म्हणून पट्टीमागे एक जाड लोखंडी पाट, त्याला चार कोपऱ्यांत बारीक ठेपे-स्क्रू. ड्रिल कोरडे मारले, खाली कपडा अंथरून, की बिडाची भुकटी बेडवर जाऊ नये. मग डायल गेजचे टोक पट्टीच्या वरच्या अंगाला आणि नंतर पुढच्या अंगाला लावून स्लाईड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. शंभराव्या भागाच्या गेजचा काटा दहा घरांच्या आत राहिला पाहिजे. उस्तादांनी तो तीन घरांवर आणला. मला काटाही नीट दिसत नव्हता. त्यांनी तो मुलाकडून वाचून घेतला आणि स्क्रू मात्र स्वतः फिरवले, पाव फेरा, मग त्याच्या निम्मा. पट्टी थोडी तिरकी राहिली तर मापातला फरक नगण्य असतो. धोका वेगळा आहे : हेड आणि काच यांतले अंतर बिघडते, हेड घासते आणि एक दिवस काच फुटते. दोन तासांत लावणारा पोरगा नेमका हा भाग गाळतो. शिरूर तालुक्यातल्या एका ओळखीच्या कारागिराची काच पहिल्याच महिन्यात अशी गेली. त्याची तर पट्टीही अपुरी होती, स्लाईड पूर्ण मागे घेतली की हेड शेवटाला आदळायचे. स्लाईड जितकी चालते त्यापेक्षा पट्टीचे माप थोडे जास्तच घ्यावे, आणि वीज लावण्याआधी हाताने दोन्ही टोके गाठून पाहावीत.

रबरी ओठ खालच्या बाजूला आले पाहिजेत, म्हणजे कीस आत पडत नाही. हेडचा ब्रॅकेट पातळ पत्र्याचा करू नये, तो वाकतो आणि स्लाईड उलटी फिरवली की आकडा खोटा येतो. आमच्या भाच्याने आधी पत्र्याचाच केला होता. डायल गेज आणि डीआरओ शेजारी ठेवून स्लाईड आत-बाहेर केली तेव्हा परतताना तीन-चार शतांशाचा फरक दिसला. जाड पट्टीचा नवीन ब्रॅकेट केल्यावर दोघांचे जमले. केबल लोखंडी नळीची होती, तीही उंदरांपासून वर बांधली. डब्याला अर्थिंग वेगळे दिले. आपल्याकडची वीज कशी येते-जाते हे सर्वांना ठाऊक आहे. वीज गेल्यावर कोणी स्लाईड हलवली तर डब्याला ते कळत नाही, जुनाच आकडा दाखवत बसतो. पट्टीवर खुणेची एक जागा असते, तिथून पुन्हा सुरुवात करायची सवय लावून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ४० मि.मी.चा तुकडा चकमध्ये धरला. एक फेरी मारून मायक्रोमीटरने मोजला, तोच आकडा डब्यात भरला, मग ३८.०० वर आणून पुन्हा मोजला. मायक्रोमीटर भाच्याने वाचला : ३८.००३. उस्तादांनी काही न बोलता चष्मा खिशात ठेवला.

आता जे या वस्तूने होत नाही तेही सांगितले पाहिजे, नाहीतर कोणी म्हणेल, शिरूरच्या कापडवाल्याने फसवले. डीआरओ स्लाईड मोजतो, जॉब मोजत नाही. लांब शाफ्ट टूलच्या दाबाने मधे वाकतो, ते त्याला दिसत नाही. टूल झिजले, ते दिसत नाही. बेड चकजवळ झिजलेला असेल तर शाफ्ट निमुळता येणारच, आकडा कितीही सुंदर दिसो. आणि गरम जॉब : पोलाद एका मीटरमागे प्रत्येक अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते. तीस मि.मी.चा शाफ्ट टर्निंगने चाळीस अंशांनी तापला तर व्यास चौदा मायक्रॉनने फुगलेला असतो. म्हणजे बेअरिंगची सगळी सूट एका तापण्यात गेली. उस्ताद आजही शेवटच्या फेरीआधी जॉब थंड होऊ देतात. भाच्याला वाटायचे की अब्बा विडी ओढायला थांबतात.

नंतर स्लीव्हचा तोच लॉट पुन्हा केला, चाळीसच्या चाळीस घेतले गेले. मायक्रोमीटर वाचायला शेजारच्या वेल्डरचा मुलगा येतो, त्याला आता उस्ताद काम शिकवत आहेत. काम संपल्यावर दुकान बंद करताना आकडे पुसून मशीन झाकायचे, हे त्याचे काम.

एक गोष्ट राहिली, ती माझ्या धंद्याची आहे. मशीन पुसायला कारागीर आमच्याकडून सुती चिंध्यांचे गाठोडे नेतात, दर वर्षी नेतात. बेड पुसायला जरूर न्या. पण पट्टीच्या ओठांजवळ चिंधी फिरवू नका, तिचा सुताचा धागा आत जाऊन काचेवर बसतो आणि हेड अडखळते. हवेचा पाइपही तिकडे मारू नये, त्याने उलट कीस ओठांच्या आत ढकलला जातो. मऊ ब्रशने झटकावे. वरून घालायला उस्तादांना मी जुन्या रेक्झिनचे झाकण शिवून दिले आहे, खालून मोकळे आणि बटणाचे, म्हणजे हेड फिरताना अडत नाही.